तुझा बाप नेव्हीत होता

अहमद होडेकरला आपल्या वडिलांबद्दल चारचौघांत सांगावी अशी एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्यानं शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आपल्या यार्डाच्या कँटीनमध्ये, डाळभात खाता खाता सांगून टाकली.

विषय काढला होता फिरदोसनं. तो यार्डातला सेफ्टी ऑफिसर, बांगलादेशातल्या खुलन्याचा. शारजातल्या त्यांच्या लोकांची एक संस्था होती. सोळा डिसेंबरला त्यांच्या देशाचा विजयदिन असतो. त्या दिवशी, एकाहत्तरच्या लढाईत लढलेल्या हिंदुस्थानी माणसांच्या इकडे एमिरेट्समध्ये राहणाऱ्या घरच्यांचा सत्कार करायचा, असं संस्थेच्या मनात होतं. पण अशी माणसं सापडत नव्हती.

अहमदनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "माझे अब्बा होते त्यात," तो म्हणाला. "इंडियन नेव्हीत."

फिरदोस उठून त्याच्या बाजूला येऊन बसला. चार वर्षं एका टेबलावर जेवतोय आणि हे तू आज सांगतोस, असं म्हणून त्यानं अहमदचा हातच धरला.

सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. अहमदचे अब्बा, लतीफ होडेकर, रत्नागिरीकडच्या जयगडचे. पंचाहत्तर साली शारजात आले, पुढची तीस वर्षं बंदरात टगबोटींवर राबले आणि दोन हजार अकरात वारले. माणूस अबोल. घरात त्यांची एक काळी पत्र्याची पेटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात सहा आकडे रंगवलेले. अहमद आठ वर्षांचा असताना त्यानं विचारलं होतं, ही कुणाची. "तुझ्या बापाची," अब्बा म्हणाले होते. "तुझा बाप नेव्हीत होता. बांगलादेशच्या लढाईत होता." यापुढे एक अक्षर नाही. जहाज कुठलं, तोफ चालवली का, असं काही पोरानं विचारलं की अब्बा उठून गॅलरीत जायचे. लढाई बघितलेली माणसं बोलत नाहीत असं अहमदनं कुठेतरी वाचलं होतं. त्याला ते पटलं आणि त्यानं विचारणं सोडून दिलं.

आता मात्र फिरदोसच्या संस्थेला कागद हवा होता. हुद्दा, जहाज, नोकरीची वर्षं. अहमदनं नौदलाच्या रेकॉर्ड ऑफिसला ईमेल केला. पोच आली, पुढे काही नाही. मग त्याला निखिल आठवला. निखिल त्याचा रत्नागिरीच्या कॉलेजातला दोस्त, आता मुंबईत राहणारा, आणि त्याचा मामा नेव्हीतूनच रिटायर झालेला. अहमदनं अधिकारपत्र पाठवलं, पासपोर्टची कॉपी पाठवली, पेटीवरच्या नंबराचा फोटो पाठवला. निखिल म्हणाला, बघतो.

नोव्हेंबरच्या एका सकाळी अकराच्या सुमारास निखिलचा फोन आला. यार्डात ट्रेलरवर एक मोठा लोखंडी सांगाडा चढत होता. अहमद खाली उभा राहून क्रेनवाल्याला हातानं खुणा करत होता. त्यानं फोन खांद्याशी धरला.

"कामात आहेस का?" निखिलनं विचारलं. "जरा बाजूला जा. सावलीत बस कुठेतरी."

"बोल ना."

"आधी बस. तुझ्या आईचं नाव हाफिजाच ना?"

अहमद शेडखाली आला. हो, म्हणाला.

"आणि तुझा जन्म अकरा जून बहात्तरचा. पासपोर्टवर आहे ते बरोबर आहे ना? शाळेत घालताना बदललेलं वगैरे नाही?"

"बरोबर आहे. निखिल, झालंय काय?"

निखिलनं मग कागद वाचून दाखवला. इतका हळू, की जणू समोर लहान मूल बसलंय. तो नंबर लतीफ होडेकर या माणसाचा नव्हता. लतीफ होडेकर नावाचं कुणी नौदलात नव्हतंच. तो नंबर होता याकूब अब्दुल गनी होडेकर, हुद्दा लीडिंग सीमन, याचा. दहा डिसेंबर एकाहत्तरला खुलन्याजवळ नदीत बोट जळाली, तीत मृत्यू. शव मिळालं नाही.

अहमदला हसू आलं. याकूब म्हणजे त्याचा मोठा चाचा. मासे पकडायला गेला आणि जयगडच्या खाडीबाहेर बुडाला, असं घरात सांगायचे. ऑफिसनं दोन भावांच्या नावांत घोळ घातला असणार.

"मलाही आधी तेच वाटलं," निखिल म्हणाला. "पण खाली नेक्स्ट ऑफ किनचा रकाना आहे. पत्नी, हाफिजा याकूब होडेकर. मुक्काम जयगड."

क्रेनचा भोंगा वाजत होता. पलीकडून कुणीतरी अहमदला हाक मारली. तो बोटांवर महिने मोजत होता. डिसेंबर ते जून. त्यानं पुन्हा मोजले. मग ड्रायव्हर गेटपास घेऊन आला. अहमदनं सही केली ती चुकीच्या जागी, दुसरा कागद आणला तर त्यावरही चुकीच्या जागी. तिसऱ्यांदा ड्रायव्हरनंच बोट ठेवून दाखवलं. अहमदच्या कानात मात्र अब्बांचा आवाज घुमत होता. तुझा बाप नेव्हीत होता. कोकणातला कुठलाही बाप पोराशी स्वतःबद्दल असंच बोलतो. तुझा बाप मेलेला नाही अजून, तुझ्या बापाला विचार. त्यात कान टवकारावेत असं काय होतं? पण आता त्यानं आठवून आठवून पाहिलं. आणलं, खाल्लं, राबलो, दमलो, या सगळ्याला अब्बा "मी" म्हणायचे. फक्त नेव्हीच्या बाबतीत "तुझा बाप."

त्या बाबतीत माणसानं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दुबईतल्या अल कुसैसला घरी आला. बायको हुमेरा कामावर होती. अम्मा बैठकीत जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

अहमद तिच्यासमोर बसला.

"अम्मा, याकूब तुझा कोण होता?"

तिचे हात थांबले नाहीत. दोनचार काड्या निवडून झाल्या. मग तिनं विचारलं, "कुणी सांगितलं?"

"नेव्हीनं."

अम्मानं मेथी बाजूला सारली आणि सांगायला सुरुवात केली. एखादी गोष्ट रोज मनात घोळवलेली असली की ती जशी न अडखळता बाहेर येते, तसं ती बोलत होती. याकूबशी तिचं लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तो सप्टेंबरात शेवटचा घरी आला, बावीस दिवसांसाठी. डिसेंबरात तार आली तेव्हा तिला तिसरा महिना होता. तारेत होतं, बेपत्ता. सासरे म्हणाले, पोहणारा पोर आहे, येईल. तिनंही तेच धरून ठेवलं. फेब्रुवारी संपता संपता नौदलाचं पत्र आलं, की आता आशा नाही. जूनमध्ये अहमद झाला. त्यानंतर चाळीस दिवसांनी घरातल्या मोठ्यांनी लतीफशी तिचा निकाह लावला. लतीफ तिच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा होता. "मला भाभी म्हणायचा," अम्मा म्हणाली. "निकाह झाल्यावरही वर्षभर त्याच्या तोंडून तेच निघायचं. मग स्वतःच गप्प व्हायचा."

त्यानं एकच अट घातली होती. पोराला कुणी यतीम, पोरका म्हणायचं नाही. त्यासाठी त्यानं गाव सोडलं, आधी मुंबईच्या गोदीत आणि मग इकडे. पोराच्या नावापुढे स्वतःचं नाव लावलं. गावातल्या म्हाताऱ्यांना शपथ घातली. ती माणसं एकेक करून गेली, आणि गोष्ट त्यांच्याबरोबर गेली.

"आणि तू?" अहमदनं विचारलं. "ते गेल्यावर तरी सांगायचं."

अम्मानं भलतंच सांगितलं. म्हणाली, लतीफनं मला कधी दुखावलं नाही, पण माझ्या मनात एक काटा राहिला. सख्खा भाऊ गेला, शव मिळालं नाही, आणि हा शोधायला गेला नाही. त्या फेब्रुवारीत कलकत्त्याला गोदीत काम मिळालंय म्हणून निघून गेला, तो महिन्याभरानं परतला. पोटुशी भाभी आणि रडणारे आईबाप घरात टाकून हा पैसे कमवायला गेला. "एका ईदला मी बोलून दाखवलं. म्हटलं, तुम्ही साधे शोधायलाही गेला नाहीत. त्यांच्या हातात शीरखुर्म्याची वाटी होती. त्यांनी ती संपवली, धुऊन ठेवली आणि बाहेर गेले."

दारात उझमा उभी होती. अहमदची ही एकोणीस वर्षांची मुलगी कॉलेजमधून केव्हा आली होती कुणास ठाऊक. तिनं सगळं ऐकलं होतं. दादांनी, म्हणजे तिच्या या आजोबांनी, तिला सायकल शिकवायला घेतली होती, ते वारले त्या वर्षी.

"बट ही इज स्टिल माय दादा," ती म्हणाली. "राइट?"

अम्मानं तिला हात धरून जवळ बसवलं.

दुसऱ्या दिवशी अहमदनं फिरदोसला खरं ते सांगितलं. त्याला लाज वाटत होती, आपण दुसऱ्याची लढाई आपल्या बापाच्या नावावर सांगितली म्हणून. फिरदोसला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. त्यानं याकूबचं नाव आणि तारीख लिहून घेतली. खुलन्यात त्याचा मामा होता, मामाची ओळखपाळख नदीकाठच्या सगळ्या गावांत. आठवड्याभरानं फिरदोस स्वतःहून अहमदच्या केबिनमध्ये आला आणि दार लावून घेतलं.

"एक माणूस मिळालाय. मोतालेब शेख. तुमचं आडनाव उच्चारलं तर तो ओळखतो. पण त्याला जे माहीत आहे ते तुझ्या अम्मीसमोर बोलावं का, असं तो विचारतोय."

अहमदनं अम्माला विचारलं. ती म्हणाली, मी बसणार.

रविवारी दुपारी फिरदोस त्यांच्या घरी आला. टीपॉयवर पुस्तकांना टेकवून फोन उभा केला. पडद्यावर एक पंचाहत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस दिसला, मागे पत्र्याची भिंत. त्यानं सलाम केला. तो बंगालीत बोलायचा आणि फिरदोस हिंदीत सांगायचा.

मोतालेब तेव्हा बावीस वर्षांचा होता, नाव वल्हवायचा. त्यानं ती बोट जळताना काठावरून पाहिली होती. खलाशांनी पाण्यात उड्या घेतल्या. काही वाचले. दहा-बारा दिवसांनी तीन शवं त्यांच्या गावच्या वळणाला लागली. दिवस वाईट होते, घाईघाईनं गावानं एकाच खड्ड्यात तिघांना पुरलं. नावं कुणालाच माहीत नव्हती.

"मग फाल्गुनात एक पोरगा आला," फिरदोस सांगत होता. "इंडियातून. बंगालीचा एक शब्द येत नव्हता. हातात फोटो होता. प्रत्येक घाटावर उभा राहून फोटो दाखवायचा आणि दोनच शब्द बोलायचा. नेव्ही, भाई. नेव्ही, भाई. लोक त्याला वेडा समजायचे."

अम्मानं अहमदकडे पाहिलं. अहमदनं तिच्याकडे पाहिलं नाही.

तो पोरगा मोतालेबच्या घरी एकोणीस दिवस राहिला. खड्ड्याचं कळल्यावर म्हणाला, मी बघणार. सगळ्यांनी त्याला अडवलं. दोन महिने होऊन गेले होते. त्यानं ऐकलं नाही. फावडंही घेतलं नाही, भावाला लागेल म्हणाला. हातांनी माती काढली, सकाळपासून दुपारपर्यंत. तिसऱ्या माणसाच्या पट्ट्याच्या पितळी बकलावर नंबर कोरलेला होता, तो त्यानं ओळखला. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण शवं आधीच इतके दिवस पाण्यात होती आणि—

फिरदोस थांबला. पडद्यावरचा म्हातारा मात्र बोलत राहिला, नजर खाली घालून.

"पुढचं राहू दे," फिरदोस म्हणाला.

"बोल, बेटा," अम्मा म्हणाली. "ते माछ म्हणाले, मासेच ना. मला कळलं."

लतीफ होडेकर, बंदरात जन्मलेला, बंदरात राबलेला माणूस, मासळी तोंडात घालत नसे. घरात शिजली तर तो बाहेर जाऊन बसे. अंगावर पित्त उठतं म्हणायचा. कोकणातला माणूस आणि मासळी खात नाही, म्हणून सगळ्या नातेवाइकांत त्याची थट्टा व्हायची. अम्मानंही पुष्कळ केली होती. तिनं पदर तोंडाशी घट्ट धरला.

मोतालेब पुढे सांगत होता. त्या पोरानं भावाला वेगळी कबर दिली. उरलेल्या दोघांनाही एकेक दिली. नमाज पढवली. जाण्याच्या दिवशी त्यानं मोतालेबकडून वचन घेतलं, की हे त्याच्या घरी कधी कळू द्यायचं नाही. म्हणाला, भाभीला दिवस गेलेत. तिला वाटू दे, दर्यानं नेला. जसा गेला तसाच तिच्या डोळ्यांसमोर राहू दे.

"दर डिसेंबरला त्यांचा फोन यायचा," फिरदोस म्हणाला. "आधी पत्र, नंतर फोन. एकच विचारायचे, कबर जागेवर आहे का. दोन हजार अकरापासून फोन आला नाही. तेव्हा हे समजले, की ते गेले."

अम्मानं पदर खाली घेतला. तिचा आवाज कोरडा होता.

"त्यांना विचार, किती खोल आहे?"

म्हाताऱ्यानं आपल्या छातीवर आडवा हात ठेवून दाखवला.

"आणि नदी?"

नदीनं मधे काठ खाल्ला होता, पण कबरींच्या अलीकडेच थांबली. आता तिथं मशिदीची भिंत आहे. तीन कबरी आहेत. मधली त्यांची.

फोन बंद झाल्यावर हुमेरानं चहा केला. फिरदोस न पिताच गेला. अम्मा आत जाऊन पडली ती दोन दिवस तशीच. नमाजाला उठायची, चार घास खायची, परत भिंतीकडे तोंड. अहमद कामावर जायचा, यार्डात उभा राहायचा आणि मधेच त्याचं त्याला उमगायचं की आपण आपल्याच हातांकडे बघतोय. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. उझमापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा. तो रडायचा प्रयत्न करी, पण कुणासाठी रडायचं तेच ठरेना. ज्याला कधी पाहिलं नाही त्या बापासाठी, की ज्याला रोज पाहूनही पाहिलं नाही त्याच्यासाठी?

तिसऱ्या दिवशी अम्मा सकाळीच कपडे बदलून बसली. म्हणाली, मला कब्रस्तानात ने.

अल कुसैसचं कब्रस्तान त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. बायकांनी आत जाऊ नये असं अम्मा मानायची, तेरा वर्षांत ती कधी आत गेली नव्हती. अहमदनं गाडी भिंतीला लागून उभी केली. तिनं काच खाली केली. आत वाळूत नंबर लिहिलेले दगड रांगेनं दिसत होते.

"कुठल्या बाजूला?"

अहमदनं हात करून दाखवलं. ती तिकडे बघत राहिली. उन्हं वर आली तरी तिनं काच वर घेतली नाही.

"मी म्हटलं होतं, शोधायलाही गेला नाहीत," ती अखेर म्हणाली. "आणि त्यांनी वाटी धुऊन ठेवली. एक शब्द बोलले असते तर मी गप्प झाले असते. जन्मभर मी त्यांना असं वागवलं, जसे काही मी त्यांच्यावर उपकार करतेय. चांगलं वागवलं, पण तसं वागवलं."

अहमदनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती तो हात थोपटत राहिली, जणू रडतोय तो, ती नाही.

परतताना सिग्नलला तिनं विचारलं, फिरदोसच्या संस्थेचा फॉर्म भरला का? अहमद म्हणाला, अजून नाही. नाव याकूबचं द्यायचं, आणि वारस म्हणून पत्नीचं किंवा मुलाचं.

"दोन्ही नको," अम्मा म्हणाली. "तिथं लतीफ लिही. भाऊ."

"अम्मा, ते हयात नाहीत. तिथं आत्ताच्या माणसाचं नाव लागतं."

"मी घरी बसून वाट बघितली. तू तर जन्मलाही नव्हतास. गेला कोण? नेव्हीनं नाही शोधला त्याला, यानं शोधला. लतीफ लिही. नाही चालत म्हणाले तर मला फोन लावून दे."

फोन लावायची वेळ आली नाही. फिरदोसनं फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला आणि फॉर्म खिशात घातला. सोळा डिसेंबरला शारजातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही भावांची नावं वाचली गेली. बंगालीतल्या त्या भाषणातली तेवढी दोनच नावं होडेकरांच्या घरच्यांना कळली. सन्मानचिन्ह घ्यायला उझमा गेली. कुणीतरी तिला माईकवर विचारलं, या दोघांशी तुझं नातं काय? ती एक क्षण अम्माकडे बघत राहिली आणि मराठीत म्हणाली, "दोघेही माझे दादा." खाली बसलेल्यांना ते किती समजलं कुणास ठाऊक, पण टाळ्या वाजल्या.

कागदांवर अहमदच्या नावापुढे लतीफच आहे, ते बदलायचं नाही असं ठरलंय. फेब्रुवारीत खुलन्याला जायची तिकिटं काढली आहेत. गुडघे दुखत असूनही अम्मा येणार आहे. मोतालेब शेखनी कळवलं, की घाटापासून कबरींपर्यंत पंधरा मिनिटं चिखलातून चालावं लागतं, म्हातारीला झेपत नसेल तर ते सायकलगाडी पाठवतील.

अम्मानं उलट निरोप पाठवला, गाडी नको, मी चालेन.